ठेकेदार गायब, मजुरी थकलेली: दावा कुठे आणि कसा लावायचा? (जळगाव-धुळे-नंदुरबार)

तापीकाठ
प्रश्न असा आहे. जळगाव एमआयडीसीतली डाळ मिल. पोती भरायचं, थप्पी लावायचं काम ठेकेदाराकडे. त्याचे चौदा मजूर, दोन महिन्यांची मजुरी बाकी, ठेकेदाराचा फोन बंद. मिलवाला म्हणतो, "मी त्याचं बिल चुकतं केलंय, आता तुमचं तुम्ही बघा." नेमणूकपत्र एकाकडेही नाही. पगार कधी रोख, कधी मुकादमाच्या फोन-पेवरून. कोणी म्हणतं पोलिसात जा, कोणी म्हणतं लेबर कोर्ट, कोणी म्हणतं वकिलाची नोटीस. नेमकं आधी काय करायचं, आणि मिलवाला खरंच सुटतो का? अर्ज कसा लिहायचा तेही सांगा.

भरीत_पुरी
मालक म्हनस, "दिसू (म्हणजे देईन) ना भो!" कव्हय दिसू ते मातर सांगत नही. 😀

मेहरूण_तलाव
मिलवाला सुटत नाही. वेतन संहिता २०१९ देशभर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्या कलम ४३ प्रमाणे ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ज्याची आस्थापना आहे त्या कंपनीवर किंवा फर्मवर ती जबाबदारी येते. आधीही कंत्राटी कामगार कायदा १९७० च्या कलम २१(४) मध्ये हेच होतं: मूळ मालकाने द्यायचं आणि मग ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यायचं. ठेकेदाराचं बिल दिलं की नाही हा त्या दोघांमधला हिशेब. मजुराला त्याच्याशी देणंघेणं नाही.

म्हणून अर्जात सामनेवाला क्र. १ ठेकेदार, क्र. २ मिल. फक्त ठेकेदाराचं नाव लिहिलेले अर्ज नोटीस बजावण्यातच अडकतात. "सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही" असा शेरा येतो आणि तारखांवर तारखा. मिलचा पत्ता कुठे पळत नाही.

सातपुडा_पायथा
पोलिसांबद्दल: ठाण्यात हा दिवाणी मामला म्हणून परत पाठवतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. मारहाण, धमकी, डांबून ठेवणं, ओळखपत्र काढून घेणं असं काही असेल तर जरूर जा. नुसत्या थकलेल्या मजुरीसाठी जाऊन आठवडा घालवू नका.

हिशेबनीस
माझं स्पष्ट मत: असे दावे कलमांवरून कमी आणि हिशेबाच्या तक्त्यावरून जास्त पडतात. "आमची दोन महिन्यांची मजुरी मिळावी ही विनंती" एवढंच लिहून चौदा अंगठे उमटवले तर अधिकारी काय आदेश देणार? आकडा कुठला टाकणार?

एकेका मजुराचा वेगळा तक्ता करा. रकाने असे: महिना, हजेरी किती दिवस, रोज काय दराने ठरला, जादा तास, एकूण येणं, मिळालेली रक्कम (उचल धरून), बाकी. उचल लपवू नका. मालकाने एक व्हाउचर जरी दाखवलं तरी बाकीचा सगळा तक्ता संशयात येतो.

जादा तासांचं लोक हमखास विसरतात. समजा रोज ४५० रुपये, आठ तासांचा. तासाला ५६.२५ होतात, जादा कामाला दुप्पट म्हणजे ११२.५०. बारा तासांची पाळी असेल तर चार जादा तासांचे ४५०. म्हणजे चार तासांत पूर्ण एक हजेरी निघते. २६ दिवसांचे साधे ११,७०० आणि जादाचे तेवढेच ११,७००. ठेकेदार सहसा चार तासांची "अर्धी हजेरी" धरतो, म्हणजे निम्मेच देतो. हा फरकसुद्धा थकीत मजुरीच आहे. दाव्यात घाला.

केळीबाग_रावेर
हिशेबनीस, ४५० हिशेबापुरते ठीक, पण तो दर किमान वेतनाच्या खाली असेल तर ठरलेला दर धरूच नका. मूळ दर आणि विशेष भत्ता मिळून जो किमान आकडा येतो तो धरा. दोन ठिकाणी चूक होते. पहिली, महाराष्ट्रात किमान वेतन उद्योगाप्रमाणे आणि परिमंडळाप्रमाणे (म्हणजे झोनप्रमाणे) वेगळं आहे. जळगाव शहराचा दर आणि एखाद्या खेड्यातला दर एकच असेल असं नाही. दुसरी, विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर. दावा मे ते ऑगस्टचा असेल तर दोन वेगळे दर लावावे लागतात. सगळ्या महिन्यांना एकच दर लावला की समोरचा वकील पहिल्याच तारखेला तिथे बोट ठेवतो.

खान्देशी_ठसका
चौदा मजूर, दोन दर, जादा तास, उचल... याला मजूर नको, सीए पाहिजे.

हिशेबनीस
ठसका, सीए नको, चौकटीची वही पुरते. मुकादमाची हजेरी-वही मिळाली तर निम्मं काम तिथेच झालं. तिचा प्रत्येक पानाचा फोटो आजच काढा. वही नंतर "हरवते".

नर्मदा_परिक्रमा
पण नेमणूकपत्रच नाही तर पुढे कसं? वेतन दिल्याचा पुरावा मालकाने द्यायचा, असं म्हणतात ना?

मेहरूण_तलाव
अर्धं बरोबर. संहितेच्या कलम ५९ प्रमाणे मजुरी दिली हे सिद्ध करायचा भार मालकावर आहे. पण मिल "हे आमच्याकडे कामालाच नव्हते" म्हणाली तर तुम्ही तिथे काम केलं एवढं तुम्हालाच आधी दाखवावं लागतं. ते सिद्ध झालं की पैसे दिल्याचा कागद मालकाने आणायचा.

तेवढ्यासाठी काय चालतं? गेटवरच्या रजिस्टरमधली नोंद, टोकन किंवा पास, ईएसआयसीची (कामगार विम्याची) वर्गणी, पीएफचं पासबुक (यूएएन म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावर कोणत्या आस्थापनेने पैसे भरले ते दिसतं), मुकादमाच्या ग्रुपवरचे "उद्या सकाळी ७ ला गाडी आहे" असे मेसेज, फोन-पेच्या नोंदी, मिलच्या नावाचं काटा-पावतीचं पुस्तक. मेसेज दाखल करताना नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं. आणि ज्या फोनवर मेसेज आले तो फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका.

धुळे_लळिंग
मिल खासगी आहे म्हणून इथे लागू नाही, पण दुसऱ्यांना उपयोगी पडेल. ठेका नगरपालिकेचा, महापालिकेचा, जिल्हा परिषदेचा असेल (सफाई, पाणीपुरवठा, रुग्णालयातलं हाउसकीपिंग) तर सरळ माहिती अधिकार टाका. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत. मागायचं काय: ठेकेदाराचा करारनामा, त्याच्या बिलांसोबत जोडलेली हजेरीपत्रकं आणि पगारपत्रकं, पीएफ-ईएसआयची चलनं, अनामत रक्कम किती शिल्लक. पगारपत्रकात तुमच्या नावापुढे कोणीतरी ठोकलेली सही सापडली तर दाव्याला मोठा आधार मिळतो. आणि अनामत परत द्यायच्या आधी विभागाला लेखी कळवा की मजुरी बाकी आहे. एकदा अनामत गेली की विभागसुद्धा हात वर करतो.

भुसावळ_जंक्शन
एक मोठी गफलत इथेच होते. राज्याचं लेबर ऑफिस आणि केंद्राचं वेगळं. भुसावळला रेल्वेच्या आवारातला सफाईचा ठेका, वरणगावची आयुध निर्माणी, राष्ट्रीयीकृत बँकेतला हाउसकीपिंगवाला, यांच्यासाठी 'योग्य शासन' (म्हणजे ज्याच्या यंत्रणेकडे दाद मागायची ते सरकार) केंद्र सरकार. अर्ज जळगावच्या सहायक कामगार आयुक्तांकडे टाकला तर तो अधिकारक्षेत्र नाही म्हणून परत येतो आणि मधले महिने वाया. त्यासाठी केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांची यंत्रणा आहे, तिचं 'समाधान' पोर्टलही आहे. दीपनगरचं वीज केंद्र मात्र राज्याच्या कंपनीचं, तिथला ठेका राज्याकडे. डाळ मिल, चटई कारखाना, जिनिंग, पाइप कारखाना, दुकान, हॉटेल, शाळेची बस: सगळं राज्याकडे.

तापीकाठ
मग आमचा अर्ज जळगावच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयातच ना? आणि त्याआधी नोटीस पाठवायची की थेट अर्ज?

सातपुडा_पायथा
हो, तिथेच. नोटीस कायद्याने सक्तीची नाही. तरी एक पानी मागणीपत्र दोघांना पाठवा: इतके दिवस काम, इतकी बाकी, आठ दिवसांत द्या. मिल त्याला उत्तर देते, आणि त्या उत्तरात बहुधा "सदर कामगार आमच्या ठेकेदाराकडे होते" असं लिहून मोकळी होते. वर मेहरूण यांनी जो "आमच्याकडे नव्हतेच" चा अडथळा सांगितला तो त्या एका ओळीने निम्मा उडाला.

अंजनी_धरण
सातपुडा, मला हे पटत नाही. नोटीस मिळाली की मिल जुनी हजेरीपत्रकं "बनवायला" बसते, मजुरांना एकेकटं बोलावून पाचशे-हजार हातावर टेकवते आणि कागदावर सह्या घेते. चौदाचे सहा राहतात. थेट अर्ज करा, त्यांना पहिला कागद सरकारी शिक्क्याचाच जाऊ दे.

सातपुडा_पायथा
अंजनी, सह्यांची भीती खरी आहे. पण "माझा काही हक्क राहिला नाही" असं लिहून घेतलं तरी किमान वेतनाचा किंवा मजुरीचा कायदेशीर हक्क असा सोडता येत नाही. संहितेच्या कलम ६० प्रमाणे तसा करार रद्दबातल. हातात पडलेली रक्कम तेवढी वजा होईल, बाकी उरते. तरीही कोऱ्या व्हाउचरवर सही नकोच. नोटीस पाठवायची तर मागणीपत्राच्या मुदतीनंतर तिसऱ्या दिवशी अर्ज दाखल होईल इतकी तयारी आधीच ठेवा.

जुना_टपालवाला
मागणीपत्र "रजिस्टर एडी" ने पाठवा असं अजून सगळे वकील सांगतात. टपाल खात्याने १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर सेवा स्पीड पोस्टातच विलीन केली आहे. काउंटरवर स्पीड पोस्ट मागा आणि पोचपावतीची सोय जोडून घ्या. पावती आणि ट्रॅकिंगचं पान प्रिंट करून फाइलला लावा, थर्मल पावतीची शाई उडते. ठेकेदाराचं पाकीट "घर बंद" शेऱ्याने परत आलं तर ते फोडू नका, बंदच फाइलला लावा.

भरीत_पुरी
टपालवाले आप्पा, आमच्याकडं "घर बंद" शेरा घर उघडं असतानाच येस.

मेहरूण_तलाव
आता मुदत, कारण याच्यात खूप गोंधळ आहे. जुन्या वेतन प्रदान कायद्यात (१९३६) दावा १२ महिन्यांत, किमान वेतन कायद्यात (१९४८) सहा महिन्यांत लावावा लागे. नव्या संहितेच्या कलम ४५ मध्ये तीन वर्षं आहेत, आणि सबळ कारण दाखवलं तर त्यानंतरही. मुदत प्रत्येक महिन्याची स्वतंत्र मोजतात. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यायचा असतो, तिथून घड्याळ सुरू. कामावरून काढलं, राजीनामा दिला किंवा काम बंद पडलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब.

तरी "तीन वर्षं आहेत" म्हणून निवांत बसू नका. बाकी नोव्हेंबर २०२५ च्या आधीची असेल तर समोरचा वकील जुनी मुदत पुढे करणार. उदाहरणार्थ मार्च २०२५ चा पगार ७ एप्रिल २०२५ ला देय झाला. जुन्या हिशेबाने ७ एप्रिल २०२६ ला मुदत संपते. त्याच्या आत अर्ज पडला की वाद घालायला जागाच नाही. उशीर झालाच असेल तर अर्जासोबत उशीर माफीचा वेगळा अर्ज जोडा, कारणासकट: आजारपण, ठेकेदाराची लेखी आश्वासनं, स्थलांतर.

चटईवाला
मी सुपरवायझर, पगार ३२ हजार. मला कायदा लागत नाही असं मालकाचं म्हणणं.

मेहरूण_तलाव
चटईवाला, जुन्या कायद्यात महिना २४,००० ची मर्यादा होती, ते त्याच्या डोक्यात असेल. संहितेत ती मर्यादा नाही आणि 'कर्मचारी' या व्याख्येत सुपरवायझर, मॅनेजरही येतात. त्याआधीच्या महिन्यांसाठी मात्र ती मर्यादा आडवी येऊ शकते.

आखाजी
सालदारांचं (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्यांचं) कोणी बोललंच नाही. आपल्याकडे साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बदलतं, वर्षाचा आकडा ठरतो, उचल घेतली जाते, आणि मधेच भांडण झालं की शेतकरी म्हणतो "तुझ्याकडेच निघतात". लिहिलेलं काही नाही.

केळीबाग_रावेर
आखाजी, शेतीला जुना वेतन प्रदान कायदा लागत नव्हता, फक्त किमान वेतन लागायचं. संहितेत शेतीही आली. पाच किंवा कमी माणसं शेतीकामाला ठेवणाऱ्याला रजिस्टर आणि वेतनचिठ्ठीची सक्ती नाही, पण निरीक्षकाने विचारलं तर मजुरी दिल्याचा वाजवी पुरावा दाखवावा लागतो (कलम ५०(४)). हिशेब असा मांडा: आखाजीपासून काम सोडलं त्या दिवसापर्यंतचे दिवस, गुणिले शेतीकामाचं त्या काळातलं किमान वेतन, वजा उचल, वजा दिलेलं धान्य त्या वेळच्या बाजारभावाने. पुष्कळदा "तुझ्याकडेच निघतात" वालं गणित उलटं फिरतं. आणि उचल फिटेपर्यंत जाऊ देणार नाही अशी भाषा आली तर तो मजुरीचा दावा राहिलाच नाही. वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६ खाली तहसीलदार किंवा प्रांताकडे जा.

हमाल_कट्टा
बाजार समितीतले हमाल-मापाडी माथाडी मंडळात नोंदलेले असतील तर मजुरी मंडळामार्फत येते. व्यापाऱ्याने मजुरी आणि लेव्ही (मजुरीवर मंडळाला द्यायची जादा रक्कम) भरली नाही तर तक्रार आधी मंडळाकडे, १९६९ च्या माथाडी कायद्याखाली. तापीकाठ, तुमच्या चौदातले कोणी नोंदलेले आहेत का ते आधी बघा, पोती उचलायचं काम आहे म्हणून विचारतो.

तापीकाठ
विचारलं, एकही नोंदलेला नाही. चौदा जणांनी चौदा अर्ज करायचे का? आणि वकील?

हिशेबनीस
एकच अर्ज चालतो. संहितेत एकाच आस्थापनेतल्या कितीही कामगारांसाठी एक अर्ज करता येतो. परिशिष्टात चौदा तक्ते, प्रत्येकाची सही किंवा अंगठा (अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही), आधारची प्रत, चालू मोबाइल नंबर, बँक खातं. दोघांना प्रतिनिधी नेमल्याचं पत्र. अर्जात शेवटी काय मागायचं ते तीन ओळींत स्पष्ट: थकीत मजुरी इतकी, जादा तासांचे इतके, आणि नुकसानभरपाई. भरपाई दहापटीपर्यंत देता येते. ती कमाल मर्यादा आहे, तेवढी मिळेलच असं समजून कोणाला शब्द देऊ नका. पण मागितलीच नाही तर एक पटही मिळणार नाही.

प्रती: कार्यालयाला एक, सामनेवाल्यांना दोन, स्वतःला एक. स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. "ठेवून जा, साहेब आल्यावर देतो" याला पोच म्हणत नाहीत.

नवापूर_चौफुली
वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, जिल्हा न्यायालयाच्या आवारात. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो (१९८७ चा कायदा, कलम १२). फोन १५१००. नंदुरबार, शहाद्याकडच्या आदिवासी मजुरांना हे कोणी सांगतच नाही.

सातपुडा_पायथा
अर्जानंतर बहुधा आधी दोघांना बोलावून तडजोडीचं बघतात. तिथे मिल पुढच्या तारखेचा चेक देऊ करते. चेक घ्या, पण "चेक वटल्यावरच दावा निकाली समजावा" हे वाक्य तडजोडीच्या कागदात घालून घ्या. आणि वटला नाही तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस त्याला वाट, नंतर महिन्याभरात चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली फौजदारी तक्रार. या तिन्ही मुदती चुकवल्या की चेकचा कागद होतो.

खान्देशी_ठसका
आणि आदेश झाला तरी पैसे कुठे मिळतात? तहसीलमध्ये फाइल पडून राहते.

महसूल_वारी
ठसका, पडून राहते कारण वसुली दाखल्यात मालमत्ताच नसते. प्राधिकाऱ्याच्या आदेशाप्रमाणे पैसे भरले नाहीत की वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करायची असते. तिथून तहसीलदार, मग मंडळ अधिकारी, मग गावपातळी. दाखल्यात "अमुक ठेकेदार, रा. जळगाव" एवढंच असेल तर मंडळ अधिकारी "जंगम मालमत्ता आढळली नाही" लिहून परत पाठवतो. त्याची चूक नाही.

म्हणून ठेकेदाराचा आणि मिलचा तपशील तुम्हीच काढून द्या. सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन दिसतात: गाव, गट क्रमांक, क्षेत्र. शहरातलं घर असेल तर मिळकत पत्रिका. गाड्यांचे नंबर. मिलचा एमआयडीसी प्लॉट क्रमांक आणि जीएसटी क्रमांक (तो बिलावर, गेटवरच्या पाटीवर असतो). चालू बँक खातं, कारण खात्यावर टाच आणणं सगळ्यात जलद. ज्या खात्यातून एकदा तरी पगार आला त्याचा नंबर मजुराच्या पासबुकात सापडतो. हे सगळं एका पानावर लिहून तहसीलच्या आवकमध्ये द्या. सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढवायची मागणी करा. जमीन विकायला निघाला की बोजा बघून ठेकेदार स्वतः शोधत येतो.

ठेकेदाराची जमीन दुसऱ्या जिल्ह्यात असेल, समजा नाशिकला, तर जळगावचे जिल्हाधिकारी तिकडच्या जिल्हाधिकाऱ्यांना दाखला पाठवतात, १८९० च्या महसूल वसुली कायद्याखाली. ते आपोआप होत नाही, पत्र द्यावं लागतं.

अंजनी_धरण
कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर यातलं काहीच चालत नाही, हेही लिहा. एनसीएलटीने (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने) अर्ज दाखल करून घेतला की बाकीच्या वसुल्या थांबतात. मग दावा ठराव व्यावसायिकाकडे (दिवाळखोरीचं काम बघायला नेमलेला 'रिझोल्यूशन प्रोफेशनल'), एकट्याचा असेल तर फॉर्म 'डी', सगळ्यांच्या वतीने प्रतिनिधी करत असेल तर फॉर्म 'ई'. लिक्विडेशन (कंपनी मोडीत काढून विक्री) झालं तर कामगारांच्या मागच्या २४ महिन्यांच्या देण्याला तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीचं स्थान आहे. जाहिरात इंग्रजी आणि मराठी वर्तमानपत्रात येते, ती चुकली की रांगेत मागे.

तापीकाठ
इथे मिल चालू आहे, त्यामुळे ते नको. ठरलं असं: मुकादमाच्या वहीचे फोटो, चौदा तक्ते, मिलच्या नावासकट एकच अर्ज, आधी आठ दिवसांचं मागणीपत्र. पण तिघांनी मागच्याच आठवड्यात मुकादमाने आणलेल्या कोऱ्या व्हाउचरवर सह्या केल्यात. त्यांचं काय?

सातपुडा_पायथा
त्या तिघांना अर्जात ठेवाच. त्यांच्या तक्त्याखाली वेगळा परिच्छेद: अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, रक्कम न भरलेल्या व्हाउचरवर सही घेतली, त्यापोटी इतकेच मिळाले किंवा काहीच मिळालं नाही. मागणीपत्रातही हेच लिहा, म्हणजे मिलने व्हाउचर पुढे करायच्या आधी तुमचं म्हणणं टपालाच्या तारखेसह नोंदलेलं असेल. आणि अर्जात मूळ व्हाउचर-पुस्तक हजर करायची मागणी करा. मागचे-पुढचे क्रमांक, तारखा आणि शाई बघितली की एकाच बैठकीत भरलेली पानं ओळखू येतात.

जुना_टपालवाला
मागणीपत्र शनिवारी दुपारी टाकू नका, सोमवारी सकाळी टाका. ट्रॅकिंग लवकर हलतं.